वीस चढवले, वीस उतरवले

माझ्या भाऊजींना, म्हणजे थोरल्या ताईच्या नवऱ्याला, चार माणसांसमोर चोर म्हटलं गेलं. ज्याने म्हटलं त्याला अहो-जाहो करायचं मी त्या दिवसापासून मनातल्या मनात सोडून दिलं, त्यामुळे पुढे भाऊजींच्या त्या मालकाचा उल्लेख एकेरीत येईल. कोणाला खटकला तर खटको.

भाऊजी जुन्या गाड्यांच्या बाजारात विक्रीला होते. शहराबाहेर जाणाऱ्या रस्त्यावर, टायरच्या दुकानाला लागून एक पत्र्याची शेड, समोर मोकळं आवार आणि त्यात तिरक्या रांगांत उभ्या असलेल्या तीसेक गाड्या. कोपऱ्यात नळ. त्याला लावलेला लांब पाइप ओढत गाड्या धुणारा माणूस दिवसभर इकडून तिकडे फिरायचा. बॉनेटवर पाणी असं आदळायचं की बोलायचं तर ओरडून बोलावं लागे, आणि भाऊजींना ओरडता येत नाही. ते गिऱ्हाइकाला गाडीत बसवायचे, काचा वर करायचे आणि हळू आवाजात सगळं सांगायचे. सगळं म्हणजे अगदी सगळं. क्लच आणखी किती चालेल, मागची सीट का शिवून घेतली आहे, गिअर टाकताना खालून आवाज कशाचा येतो. ऐकून निम्मी गिऱ्हाइकं काच खाली करून निघून जायची. उरलेली निम्मी मात्र काही वर्षांनी दुसरी गाडी घ्यायला भाऊजींनाच शोधत यायची.

मला हा धंदा दुसऱ्या बाजूने माहीत आहे. मी इथल्या वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींच्या खिडकीवर बसते. आमच्याकडे शब्दामागे दर आहे. त्यामुळे माणसं लिहून आणलेल्या कागदावर खिडकीपाशी उभी राहून खाडाखोड करतात, आणि सगळ्यात आधी खोडतात ते खरं. ‘एकदा अपघात’ जातं, ‘रंग नवा’ राहतं. ‘एकहाती वापरलेली’ असं लिहिणाऱ्याला मी विचारते, कोणाच्या हाती? तो म्हणतो, तुम्ही छापा हो. ‘डॉक्टरांची गाडी’ म्हणून आजवर इतक्या गाड्या माझ्या खिडकीतून गेल्या आहेत की तेवढे डॉक्टर खरोखर असते तर या शहरात कोणाला साधं पडसंही झालं नसतं.

तर या मालकाची जाहिरात दर गुरुवारी माझ्याकडे यायची. पूर्वी तिच्यात गाड्यांची यादी असायची. मग रस्त्यापलीकडे दुसऱ्याने असाच बाजार मांडला आणि फाटकावर ‘सूट’ अशी पाटी लावली. मालकाच्या पोटात दुखायला लागलं. दोन दिवस तो त्या पाटीकडे बघत राहिला, तिसऱ्या दिवशी त्याला युक्ती सुचली आणि त्याने आवारातल्या सगळ्यांना चहा पाजला.

युक्ती अशी. गाडीचे जेवढे पैसे हातात यायला हवेत, ती आतली किंमत. ती मालक भाऊजींच्या कानात सांगणार. भाऊजींनी तिच्यावर वीस टक्के चढवायचे आणि तो फुगवलेला आकडा पांढऱ्या रंगाने गाडीच्या पुढच्या काचेवर लिहायचा. फाटकावर पाटी: ‘प्रत्येक गाडीवर वीस टक्के सूट. घासाघीस नाही.’ वीस चढवायचे, वीस उतरवायचे, आपले होते तेवढे हातात. गिऱ्हाईक खूश, आपण जिथल्या तिथे.

“पण शेठ, ही सूट खोटी आहे,” भाऊजी म्हणाले होते.

“अरे, कोणाचं काय जातंय?” मालक म्हणाला.

भाऊजींनी पाटी रंगवली. अक्षर त्यांचं सुंदर आहे. तीच ओळ मालकाने माझ्या खिडकीवर आणून दिली आणि मी ती छापायला पाठवली. कोणालाच त्यात दुसरं काही दिसलं नाही. दिसणार तरी कसं? गाडी काचेवर आकडा मिरवत महिना-दीड महिना उभी असायची. तोवर तिची आतली किंमत भाऊजींच्या डोक्यातून पुसून गेलेली असायची. विकताना ते काचेवरचा आकडा घ्यायचे, त्यातून वीस टक्के वजा करायचे आणि आलेले पैसे मोजून मालकाच्या हातात द्यायचे. आतल्या किमती मालकाकडे. त्यानेही रोज ताडून पाहिलं नाही. तीन महिन्यांनी बेरजा मारल्या, आणि लाखभर कमी भरले.

पुढचं मला गाड्या धुणाऱ्याने सांगितलं. तो मुद्दाम माझ्या खिडकीवर आला होता, मान खाली घालून. मालक शेडमधून बाहेर आला आणि आधी त्यालाच म्हणाला, “पाणी बंद कर. सगळ्यांना ऐकू येऊ दे.” पाणी बंद झालं. आवारात गाड्या बघायला आलेली माणसं होती, टायरच्या दुकानातले दोघे दाराशी येऊन उभे राहिले.

“एकही गाडी पूर्ण पैशांना गेलेली नाही,” मालक म्हणाला. “महाग गाडीत जास्त खाल्लेत, स्वस्त गाडीत कमी. एकदम हात मारला तर दिसेल ना, म्हणून प्रत्येक गाडीत चिमूटभर. धोरणी माणूस आहे. इतकी वर्षं मी चोराला पगार देत होतो.”

“मी घेतले नाहीत,” भाऊजी म्हणाले.

“मग गाड्यांनी खाल्ले? महिना संपायच्या आत लाख भर, नाहीतर मी पोलिसात जातो.”

एवढं बोलून तो आत गेला. पाणी पुन्हा सुरू झालं. भाऊजी कोपऱ्यातल्या गाडीच्या काचेवरचा आकडा पुसत होते, तो ते पुसत राहिले.

मला हे ऐकताना इतकी तिडीक आली की समोरच्या गिऱ्हाइकाची जाहिरात मी तीनदा चुकीची मोजली. पण मालकाचा राग एका बाजूला. खरा संताप मला पुढच्या गोष्टीचा आला. आळ आला की तो आवारात थांबत नाही, माणसाच्या आधी घरी पोचतो. ताई एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी धुण्याच्या कामावर आहे. तिथेही बातमी पोचली होती. संध्याकाळी ती भाऊजींना म्हणाली, “अहो, कुठे अडचण होती का तुम्हाला? मला सांगितलं असतंत तरी चाललं असतं.”

मी तिथेच होते. मी म्हणाले, “ताई, हा माणूस गाडी विकताना सीटची शिवण सांगतो आणि तू त्याला काय विचारतेस?” तिने तोंड फिरवलं. तिचंही चुकलं नव्हतं म्हणा. कोणी असं ठासून सांगितलं की प्रत्येक गाडीत पैसे कमी आहेत, आणि ते खरंच कमी आहेत, तर ते गेले कुठे याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. भाऊजींकडेही नव्हतं. ते रात्रीचं जेवण अर्धं ठेवून उठायचे आणि स्वतःच्याच सदऱ्याचे खिसे तपासायचे. आपणच कुठे वेड्यासारखे पैसे पाडले की काय, असं त्यांना वाटायला लागलं होतं. त्या मालकाने एका सज्जन माणसाला स्वतःवर संशय घ्यायला लावलं, याबद्दल मी त्याला कधी माफ करणार नाही.

लाख उभे करायला घरात एकच वस्तू होती, त्यांची स्वतःची लहान करड्या रंगाची गाडी. त्याच बाजारात भंगाराला निघालेली भाऊजींनी घेतली होती आणि सुट्टीच्या दिवशी थोडी थोडी करून चालती केली होती. ताईचे गुडघे धुलाईखान्याच्या ओल्या फरशीवर उभं राहून गेलेले. तिला रोज कामावर सोडणारी, आणणारी ती गाडी. भाऊजी ती विकायला निघाले तेव्हा ताई एवढंच म्हणाली, “मी बसने जाईन.”

जाहिरात द्यायला ते माझ्याच खिडकीवर आले. कागदावर लिहिलं होतं: ‘लहान गाडी विकणे आहे. इंजिन चांगले. मागचे डावे दार फक्त आतून उघडते. विकण्याचे कारण, पैशांची गरज.’

“भाऊजी, दाराचं काढू या,” मी म्हणाले. “आणि पैशांची गरज असं कोणी छापतं का? लोक भाव पाडतील.”

“दार उघडत नाही ना?”

“नाही.”

“गरज आहे ना?”

“आहे.”

“मग मोज शब्द.”

मी मोजले. सगळ्या शब्दांचे पैसे त्यांनी भरले.

मालकाची अट होती की गाडी त्याच्या आवारात, त्याच्या पाटीखालीच विकायची. कमिशन सोडतो म्हणाला, मोठं मन दाखवत. भाऊजींना हातात लाख हवे होते, ना कमी ना जास्त. त्यांनी आपल्याच गाडीच्या काचेवर आपल्याच हाताने, नेहमीच्या पद्धतीने वीस टक्के चढवून आकडा लिहिला: एक लाख वीस हजार.

शनिवारी संध्याकाळी एक वायरमन आईला घेऊन आला. गाडी दोघांना आवडली. दाराचं त्यांनी जाहिरातीत वाचलंच होतं. म्हातारी मागे बसली, तिने दार आतून उघडून पाहिलं, म्हणाली, मला काही बाहेरून उघडायचं नाही. वायरमनने फोनवर हिशोब केला आणि भाऊजींसमोर धरला. शहाण्णव हजार.

“चुकलं तुमचं,” भाऊजी म्हणाले. “लाख येतात.”

वायरमनने पुन्हा केला. शहाण्णव. भाऊजींनी शेडमधलं कॅल्क्युलेटर आणलं. त्यातही शहाण्णव. वायरमनने फाटकावरच्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटी तर भाऊजींचीच होती. पाटीवर लिहिलेलं नाकारायचं हे त्यांच्याने झालं नसतं. मालक तेव्हा नव्हता. त्यांनी शहाण्णव हजार मोजून घेतले, किल्ली दिली आणि चालत घरी आले.

मी ताईकडेच होते. भाऊजींनी नोटा जेवणाच्या टेबलावर ठेवल्या. ताईने मोजल्या, मी मोजल्या.

“चार कमी आहेत,” ताई म्हणाली. आणि मग, आवाज खाली आणून, “वाटेत कुठे थांबला होतात का?”

“नाही.”

“मग?”

“पूर्ण घेतले मी. आणि तरी चार कमी आहेत.” ते खुर्चीत बसले. “या गाडीत तर कोणी खाल्ले नाहीत ना? गाडी माझी, विकली मी, घेतले मी. मी माझ्याच घरात चोरी केली का?”

हे ते इतक्या साधेपणाने म्हणाले की ताई हललीच. तिने वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे ठेवायची टोपली ओढली आणि टेबलावर पाच चिमटे मांडले. धुलाईखान्यात चादरींचे गठ्ठे मोजताना ती असंच काहीतरी करते. “हे तुमचे लाख,” ती म्हणाली. “वीस टक्के म्हणजे पाचातला एक. एक चढवला.” सहावा चिमटा तिने शेजारी ठेवला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “आता वीस टक्के सूट दे.”

मी एक चिमटा उचलला. पाच उरले. “आले की लाख,” मी म्हणाले.

“सहातला एक काढलास तू. सूट पाचव्या हिश्शाची आहे. सहाचा पाचवा हिस्सा काढ.”

सहाचा पाचवा हिस्सा म्हणजे एक पूर्ण चिमटा आणि वर आणखी थोडा. तो वरचा थोडा काही मोडता येईना. तिघंही त्या चिमट्यांकडे बघत बसलो.

“चढवले लाखावर,” भाऊजी हळूच म्हणाले. “उतरवले एक लाख वीसवर. आपणच फुगवलेले वीस हजार, त्यांच्यावरही सूट दिली. तेच चार.”

“प्रत्येक लाखामागे चार,” ताई म्हणाली.

“महाग गाडीत जास्त, स्वस्त गाडीत कमी,” मी म्हणाले. धोरणी माणूस म्हणे. तीन महिने त्या पाटीने राजरोस फाटकावर लटकून पैसे वाटले होते, आणि चोर ठरला होता पाटी रंगवणारा. ताई उठून स्वयंपाकघरात गेली. परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. ती भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, “मी विचारायला नको होतं.” भाऊजींनी तिचा हात तसाच राहू दिला.

दुसऱ्या दिवशी रविवार, आवारात सगळ्यात जास्त गर्दीचा. मी बरोबर जाणारच होते. ताईने मला बजावलं, “तू तिथे तोंड उघडायचं नाहीस.” मी कबूल केलं. माझ्या आयुष्यात मी पाळलेला हा सगळ्यात अवघड शब्द आहे.

मालक एका कुटुंबाला मोठी पांढरी गाडी दाखवत होता. भाऊजी त्याच्याजवळ गेले आणि पाण्याच्या आवाजात जमेल तेवढ्या मोठ्याने त्यांनी सगळं सांगितलं, लाख, वीस, एक लाख वीस, शहाण्णव. मालकाने आधी हात झटकले. मग शर्टाच्या खिशातून कॅल्क्युलेटर काढलं. एका गाडीचं केलं. दुसरीचं केलं. तिसरीचं केलं तेव्हा त्याचं बोट बटणावर तसंच राहिलं. लाज वाटली असेल असं मला वाटलं होतं. पण तो हसला. कपाळावर हात मारून हसला.

“मग पंचवीस चढवायला हवेत,” तो म्हणाला. “पंचवीस चढवून वीस उतरवले की बरोबर येतात. सोमवारपासून पंचवीस चढव. चल, आत ये, बोलू.”

“काय बोलायचंय?”

“अरे, ये तर आत. तुझे पैसे तुला राहू देत. वर मी काही देतो. पगाराचंही बघू. इथे नको, गिऱ्हाइकं आहेत.”

“तुम्ही मला चोर आत बोलावून म्हणाला नव्हतात,” भाऊजी म्हणाले.

मालकाने आजूबाजूला पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. “समजून घे. मी हे इथे सांगितलं तर लोकांना कळेल ना, आधी चढवतो ते. धंदा बसेल माझा.”

म्हणजे पाहा. भाऊजींचं नाव धुवून निघायला जेवढं सांगावं लागणार होतं, तेवढ्याने याची लबाडी उघडी पडत होती. म्हणून भाऊजींनी चोर राहावं, आत जाऊन, बंद पाकीट घेऊन, हसतमुखाने. माझ्या जिभेच्या टोकावर काय काय आलं होतं ते मी इथेही लिहिणार नाही.

भाऊजी वळले. मला वाटलं निघाले. ते नळापाशी गेले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने नळ बंद केला. गाड्या धुणारा रिकामा पाइप धरून उभा राहिला. आवारात एकदम शांतता झाली. बघायला आलेली माणसं वळली. टायरच्या दुकानातले दोघे पुन्हा दाराशी आले.

भाऊजी परत येऊन मालकासमोर उभे राहिले.

“हिशोबात चूक होती,” मालक सगळ्यांकडे न बघता म्हणाला. “पैसे कोणी घेतले नव्हते.”

“चूक कोणाची?” भाऊजींनी विचारलं.

मालकाने कॅल्क्युलेटर शर्टाच्या खिशात परत सरकवलं.

“माझी,” मालक म्हणाला.

पांढऱ्या गाडीजवळचा माणूस बायकोकडे बघून म्हणाला, “म्हणजे हे आधी चढवतात होय?” भाऊजींनी शेडमधून आपला रंगाचा ब्रश आणला आणि मालकाच्या हातात दिला. सोमवारपासून पंचवीस चढवायला ते येणार नव्हते.

मला वाटलं होतं की आता संपलं. पण चोर म्हटलेलं ज्यांनी ऐकलं ते शहरभर पांगले होते, आणि ‘माझी’ ऐकणारे मूठभर. भाऊजी दोन ठिकाणी काम मागायला गेले. दोन्हीकडे त्यांना चहा मिळाला आणि ‘कळवतो’ मिळालं. पलीकडच्या बाजारवाल्याने तर विचारलंच, “तेच ना तुम्ही?” ताई बसने कामावर जाऊ लागली. बसला उभंच राहावं लागतं.

मग एका सकाळी भाऊजी माझ्या खिडकीवर आले. कागदावर लिहिलं होतं: ‘काम हवे आहे. गाड्या विकण्याचा अनुभव. चोरीचा आळ आला होता, खोटा ठरला.’

“हे शेवटचं कशाला?” मी म्हणाले. “ज्यांना माहीत नाही त्यांना आपणच का सांगायचं?”

“ते दुसऱ्याकडून ऐकतील. अर्धंच ऐकतील.” त्यांनी पैसे काढले. “मोज शब्द.”

मी मोजले. त्या शेवटच्या सहा शब्दांचे पैसे मी त्यांच्याकडून घेतले नाहीत. आमच्या संपादकांना मी हे सांगितलेलं नाही, पण एवढ्या वर्षांत मी खिडकीवरून केलेली ही एकच मनमानी आहे, आणि मला तिचा पस्तावा नाही.

गुरुवारी मालक आला. नेहमीची जाहिरात, नेहमीची वीस टक्के सूट. मी बिल पुढे केलं. त्याने वाचलं आणि भुवया वर केल्या.

“हे वरचे सहा शब्द कसले?”

मी त्या दिवसाचा अंक त्याच्याकडे फिरवला आणि छोट्या जाहिरातींच्या रकान्यात त्या ओळीवर बोट ठेवलं. त्याने वाचलं. मागे रांगेत पाच-सहा माणसं उभी होती आणि वाकून बघत होती.

“तुमचे आहेत,” मी म्हणाले.

त्याने पाकीट काढलं आणि सगळे पैसे मोजून दिले. सूट मागितली नाही.